घरच्या संगणकाला कोणते ऑफिस हवे?

नवा संगणक घरात आला की ठरलेला प्रश्न येतो: ऑफिस, म्हणजे लिहिणे, हिशेब आणि सादरीकरण यांच्या प्रोग्रामांचा संच, कोणता टाकायचा? उत्तरेही ठरलेली असतात. एकजण म्हणतो, पैसे मोजा आणि मायक्रोसॉफ्टचेच घ्या, सगळे तेच वापरतात. दुसरा म्हणतो, लिब्रऑफिस फुकट आहे, खर्च कशाला? तिसऱ्याच्या मते आता सगळे ब्राउझरमध्येच होते, काही टाकूच नका. मग कोणात किती सोयी आहेत यावर वाद रंगतो आणि ज्या गोष्टीवरून निर्णय व्हायला हवा ती बाजूलाच राहते. मला विचाराल तर घरच्या संगणकासाठी पहिला विचार फाइलचा करावा, सॉफ्टवेअरचा नंतर. आज लिहिलेला मजकूर पंधरा वर्षांनी, दुसऱ्याच संगणकावर, कोणाचीही परवानगी न मागता उघडेल का? ज्या संचाबाबत याचे उत्तर ठामपणे ‘हो’ असे देता येते, तो घरात यावा.

हा आग्रह घरासाठी धरायचा, कारण घर आणि कचेरी यांत मोठा फरक आहे. कचेरीतल्या फायली सांभाळायला माणसे नेमलेली असतात. परवान्यांचे नूतनीकरण, बॅकअप, जुन्या फायलींचे नव्या प्रकारात रूपांतर ही त्यांची रोजची कामे. शिवाय तिथला बराचसा कागद काही वर्षांत निरुपयोगी होतो. घरात नेमके उलट. तिथे आयटी विभाग नाही आणि कागद मात्र दीर्घायुषी. मुलीचा पहिला निबंध, नोकरीचे अर्ज, घराच्या व्यवहाराचे मसुदे, आजारपणातल्या नोंदी, वर्षानुवर्षांचा जमाखर्च, आजोबांनी एका बोटाने टाइप केलेल्या आठवणी. यातले बरेच काही एकदा गेले की परत मिळत नाही. इतक्या मोलाच्या गोष्टी आपण ज्या सॉफ्टवेअरच्या हवाली करतो ते निवडताना मेनूतली बटणे मोजत बसणे मला पटत नाही.

मायक्रोसॉफ्ट वर्क्सचे काय झाले ते पाहा. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेला हा संच खास घरांसाठी होता. स्वस्त, सुटसुटीत आणि अनेक संगणकांवर आधीच टाकून मिळणारा. लक्षावधी घरांतली पत्रे आणि हिशेब त्यात लिहिले गेले. २०१०च्या सुमारास त्याची जागा ऑफिस स्टार्टरने घेतली आणि थोड्याच काळात तेही बंद पडले. वर्क्सच्या फायलींचा प्रकार वेगळा, डब्ल्यूपीएस. त्यातल्या जुन्या आवृत्त्यांच्या फायली त्याच कंपनीच्या वर्डमध्ये सरळ उघडत नाहीत. लिब्रऑफिसमध्ये मात्र बहुतेक उघडतात, कारण काही स्वयंसेवकांनी तो बंदिस्त प्रकार उलगडून त्यासाठी वेगळा प्रोग्राम लिहिला आणि सर्वांना खुला करून दिला. कंपनीने सोडून दिलेले काम अनोळखी लोकांनी निभावले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पण आपल्या घरातले कागद अशा उपकारावर अवलंबून राहू नयेत.

मराठीत लिहिणाऱ्यांनी तर हे दुखणे दुहेरी भोगले आहे. कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप केलेल्या जुन्या फायली अजून अनेकांच्या संगणकात पडून आहेत. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवली होती. पडद्यावर ‘क’ दिसे, फाइलमध्ये मात्र भलतेच एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवले जाई. फॉन्ट संगणकावर नसला की पानभर निरर्थक खुणा. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक अक्षरसंकेतात, देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा होती, पण ती सर्रास वापरात यायला पुढे बरीच वर्षे लागली. तोवर लिहिलेले वाचायचे तर आज कन्व्हर्टर शोधत फिरावे लागते, आणि त्यातून निघालेल्या मजकुरात जोडाक्षरे आणि रफार पुन्हा तपासावे लागतात. ज्या वर्डमध्ये ते लिहिले होते ते चांगलेच होते. मजकूर साठवण्याची रीत खासगी होती, म्हणून तो अडकला.

फायलींच्या बाबतीत आज परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे, आणि ती आपोआप झालेली नाही. ऑफिस २००७ येईपर्यंत वर्डची डॉक फाइल म्हणजे बंद पेटी होती. तिची अंतर्गत रचना सर्वांना खुली नव्हती, बाहेरच्यांनी बरेचसे अंदाज बांधायचे. दुसऱ्या बाजूला ओपनडॉक्युमेंट हा खुला प्रकार २००५ साली ओएसिस या संस्थेने मान्य केला आणि २००६ मध्ये तो आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक झाला. ओडीटी (मजकूर), ओडीएस (तक्ते), ओडीपी (सादरीकरण) या फायली त्याच घराण्यातल्या. मग मायक्रोसॉफ्टनेही आपल्या नव्या डॉक्सएक्स, एक्सएलएसएक्स आणि पीपीटीएक्स या प्रकारांची रचना जाहीर केली. बऱ्याच वादंगानंतर २००८ मध्ये त्यालाही आयएसओची मान्यता मिळाली. स्पर्धा होती, सरकारे प्रश्न विचारू लागली होती, म्हणून हे घडले.

उघडी रचना म्हणजे काय हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. एखाद्या डॉक्सएक्स फाइलची प्रत काढा आणि तिच्या नावाचा शेवट बदलून तिथे झिप असे लिहा. ती सरळ उघडते. आत वर्ड नावाचे फोल्डर दिसते आणि त्यात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून लिहिलेली. ती नोटपॅडमध्ये उघडली तर कोनी कंसांच्या गर्दीत तुमची वाक्ये जशीच्या तशी सापडतात. चित्रे मीडिया नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. ओडीटी फाइलवर हाच प्रयोग केला तर मजकूर कंटेंट नावाच्या फाइलमध्ये मिळतो. उद्या जगातले सगळे ऑफिस संच बंद पडले तरी त्या मजकुरापर्यंत पोहोचता येईल. जुन्या डॉक फाइलवर ही युक्ती चालत नाही.

तरी दोन्ही प्रकार सारखेच मोकळे आहेत असे मी म्हणणार नाही. ओपनडॉक्युमेंटचे पहिले मानक साधारण सातशे पानांचे होते, मायक्रोसॉफ्टच्या प्रकाराचे सहा हजारांहून अधिक. इतक्या पानांत वर्डच्या जुन्या आवृत्त्यांच्या लकबीही जपलेल्या आहेत. एक्सेलचे उदाहरण गंमतीचे आहे. एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरते, म्हणजे कधीच न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस त्यात आहे. मुळात ही लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामची चूक. त्याच्या फायली नीट चालाव्यात म्हणून एक्सेलने ती मुद्दाम उचलली आणि सुसंगतीसाठी आजवर सांभाळली. दुसऱ्या कोणाला एक्सेलशी जुळणारा प्रोग्राम लिहायचा तर अशा शेकडो लकबी पाठ कराव्या लागतात. इतर संचांत डॉक्सएक्स कधी कधी थोडी वाकडी दिसते ती यामुळे, आणि दोष मात्र त्या इतर संचांच्या माथी येतो.

पण रोजच्या तक्रारींतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ याहून साधे असते: फॉन्ट. एक पानाचा बायोडेटा. वर्डमध्ये नेमका एका पानात बसवलेला, कॅलिब्री फॉन्टमध्ये. तो लिब्रऑफिसमध्ये उघडला की शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर जातात आणि उजवीकडची तारखांची रांग विस्कटते. माणूस म्हणतो, फुकटचे सॉफ्टवेअर असेच असायचे. प्रत्यक्षात त्या संगणकावर कॅलिब्री नसतो, कारण तो मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट आहे आणि वाटून देता येत नाही. त्याच्या जागी दुसरा, किंचित रुंद फॉन्ट येतो आणि प्रत्येक ओळ दोन-तीन अक्षरांनी पुढे सरकते. यावर उपाय आहे. कार्लिटो हा मोफत फॉन्ट अक्षरागणिक कॅलिब्रीच्याच रुंदीचा बनवलेला आहे, कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया आहे, टाइम्स न्यू रोमन आणि एरियलसाठी लिबरेशन मालिकेतले फॉन्ट आहेत. हे असले की ओळी जागच्या जागी राहतात. तारखांची रांग विस्कटण्याचे कारण आणखी वेगळे असते. ती स्पेसबार दाबत दाबत जुळवलेली असते. टॅब किंवा तक्ता वापरला असता तर फॉन्ट बदलूनही ती हलली नसती.

देवनागरीत याला आणखी एक पदर आहे. वर्ड आणि लिब्रऑफिस दोघेही रोमन लिपीसाठी एक फॉन्ट आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा फॉन्ट वेगवेगळा लक्षात ठेवतात. अक्षरांचा आकार आणि ठळकपणाही दोन्हींसाठी वेगळा नोंदवला जातो. त्यामुळे शैलीत आकार चौदा केला तरी मराठी मजकूर बारावरच अडून बसतो, आणि वापरणारा वैतागतो. वर्डच्या फॉन्ट खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ हा वेगळा कप्पा असतो, लिब्रऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू आहे ना हे पाहावे लागते. एकदा हे केले की दोन्हीकडे मराठी व्यवस्थित लिहिता येते. लिब्रऑफिसची अक्षरजुळणी २०१७ पासून सर्व प्रकारच्या संगणकांवर हार्फबझ या एकाच यंत्रणेने होते, त्यामुळे विंडोजवर जोडलेले जोडाक्षर लिनक्स या मोफत प्रणालीवर तुटण्याचा त्रास आता जवळपास संपला आहे.

आता पर्यायांकडे वळू. मायक्रोसॉफ्टचे ऑफिस दोन रीतींनी मिळते. एकदाच पैसे भरून एका संगणकासाठी कायमचे, किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ या नावाने महिन्याच्या वा वर्षाच्या वर्गणीवर. कंपनीचा सगळा भर वर्गणीवर आहे. एकरकमी घेतलेल्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या ठरावीक काळच मिळतात. ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा तो काळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. प्रोग्राम त्यानंतरही चालतो, पण अनोळखी फायली उघडणे जोखमीचे होत जाते. वर्गणी थांबवली तर काय होते हे अनेकांना माहीतच नसते. मुदत उलटून गेली की संगणकावरचे वर्ड आणि एक्सेल फायली दाखवतात, छापू देतात, पण त्यात काही लिहू देत नाहीत. भाडे थकले म्हणून घरमालकाने कपाटाला कुलूप लावावे आणि काचेतून बघायची तेवढी मोकळीक द्यावी, तसे हे आहे. त्या फायली दुसऱ्या संचात उघडता येतात हे खरे, पण तो दुसरा संच आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच. शिवाय वर्गणीच्या अटी आपल्या हाती नसतात. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने घरगुती वर्गणीत कोपायलट हा एआय मदतनीस घातला आणि अनेक देशांत दरही वाढवले. ज्यांना तो नको होता त्यांनाही नव्या दराचीच सूचना गेली.

ब्राउझरमधल्या संचांची, विशेषतः गूगल डॉक्सची, एक बाजू निर्विवाद आहे. चार माणसांनी एकाच मजकुरावर एकाच वेळी काम करण्याची रीत २००६ पासून गूगलने जशी रुळवली तशी कोणी रुळवली नव्हती. भावंडांनी मिळून एखाद्या कार्याची यादी करायची असेल तर मीही तेच सुचवीन. पण घराचा कायमचा दप्तरखाना म्हणून मला ते चालत नाही. गूगल ड्राइव्ह संगणकाशी जोडले की फोल्डरमध्ये जीडॉक नावाच्या फायली दिसतात आणि आपल्याला वाटते, आहे की सगळे आपल्याजवळ. त्या फाइलमध्ये तुमचे एकही वाक्य नसते. असतो तो फक्त एक पत्ता, खरा मजकूर कुठे आहे ते सांगणारा. ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली तर तुम्ही पत्त्याची प्रत काढलेली असते. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी गूगलच्या यंत्रणेतल्या एका गडबडीने अनेकांचे दस्तऐवज ‘अटींचा भंग’ म्हणून बंद झाले. त्यांत काहीही वावगे नव्हते. कंपनीने त्याच दिवशी दुरुस्ती केली आणि माफीही मागितली. पण आपल्याच लिखाणाचे दार दुसऱ्याच्या बाजूने बंद होऊ शकते हे त्या दिवशी दिसले.

मग उरतात संगणकावर बसवायचे मोफत संच. यात एक नाव सावधपणे घ्यावे लागते: ओपनऑफिस. नाव अजून लोकांच्या तोंडी आहे, म्हणून अनेकजण तेच शोधून उतरवतात. त्याचा इतिहास थोडक्यात असा. जर्मनीतल्या स्टार डिव्हिजनचे स्टारऑफिस सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये विकत घेतले आणि पुढच्या वर्षी त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रामचा मूळ संकेत, खुला केला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. नव्या मालकाच्या कारभाराबद्दल साशंक झालेल्या कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी द डॉक्युमेंट फाउंडेशन उभारले आणि लिब्रऑफिस जन्माला आले. ओरॅकलने २०११ मध्ये ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनला देऊन टाकले, पण तोवर काम करणारी बहुतेक माणसे लिब्रऑफिसकडे गेली होती. ओपनऑफिसची ४.१ ही आवृत्ती २०१४ ची. त्यानंतर तिच्या किरकोळ दुरुस्त्याच येत राहिल्या. ओपनऑफिसला डॉक्सएक्स उघडता येते, त्यात सेव्ह करता येत नाही. आज ते कोणी नव्याने बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ओन्लीऑफिस, डब्ल्यूपीएस ऑफिस (वर्क्सच्या डब्ल्यूपीएस फायलींशी त्याचा संबंध नाही), फ्रीऑफिस हेही पर्याय आहेत आणि डॉक्सएक्सशी त्यांचे चांगले जमते. ॲपलच्या संगणकावर पेजेस आणि नंबर्स मोफतच असतात, पण त्यांच्या फायली बाहेर फारशा कुठे उघडत नाहीत. माझे मत लिब्रऑफिसच्या बाजूचे आहे. त्याचा स्रोत खुला आहे, त्याला वर्गणी नाही, त्यासाठी खाते उघडावे लागत नाही, इंटरनेटशिवाय ते पूर्ण चालते, आणि उद्या ही संस्था राहिली नाही तरी कोणीतरी तेच काम पुढे नेऊ शकते. ओपनऑफिसच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडून गेले आहे.

त्याचे दोष मला दिसतात. पहिल्यांदा उघडल्यावर ते जुनाट वाटते. यासाठी ‘व्ह्यू’मधल्या ‘युजर इंटरफेस’मध्ये जाऊन टॅबवाली मांडणी निवडता येते, पण नवख्याला हे कोण सांगणार? भरपूर हलत्या आकृत्या घातलेली सादरीकरणे त्यात बिघडतात. फार मोठे तक्ते संथ चालतात. दोघांनी एकाच वेळी लिहायची सोय त्यात नाही म्हटले तरी चालेल.

आणि एक्सेल हे प्रकरण खरोखर वेगळे आहे. ज्याचे काम व्हीबीए मॅक्रो, पॉवर क्वेरी, गुंतागुंतीची पिव्होट टेबले अशा एक्सेलच्या प्रगत सोयींवर चालते त्याने एक्सेलच घ्यावे, उगीच तत्त्वासाठी हाल सोसू नयेत. ज्याला वकिलाशी किंवा प्रकाशकाशी एकाच मसुद्याच्या दहा फेऱ्या कराव्या लागतात, आणि प्रत्येक दुरुस्ती कोणाची हे नोंदवावे लागते, त्यानेही वर्ड घेणे शहाणपणाचे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या मदतीने काम करणाऱ्यांना वर्ड सहसा अधिक सुलभ जाते, आणि हे कारण मी सर्वांत आधी मानीन. पण घरोघरच्या कामाकडे पाहा. पत्र, अर्ज, निबंध, महिन्याचा जमाखर्च, दहा-बारा स्लाइडचे सादरीकरण. यासाठी गेल्या वीस वर्षांत आलेल्या बहुतेक सोयींची गरजच पडत नाही.

पैसे न देता मायक्रोसॉफ्टच हवे, म्हणून कोणाकडून तरी क्रॅक केलेली कॉपी आणण्याची वाट सर्वत्र रुळलेली आहे. तिच्याविषयी मला अजिबात सहानुभूती नाही. ती कॉपी सुरू करणारा छोटा प्रोग्राम आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, आणि ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर माणसे ते मुकाट करतात. त्याहून मोठे नुकसान असे की चोरीच्या कॉपीमुळे खरा प्रश्न कधी विचारलाच जात नाही. ज्याला वाटते आपण कंपनीला चुकवले, तो प्रत्यक्षात तिचीच सवय घरात रुजवत असतो. त्याची मुले पुढे नोकरीत तेच मागतात आणि दुसरा पर्याय वापरून पाहण्याची वेळ कोणावर येत नाही. मोफत आणि कायदेशीर संच समोर असताना हे करायला कारण उरत नाही.

आतापर्यंत हा निर्णय घराचा आहे असे धरून लिहिले. पण तो बऱ्याचदा घराबाहेरच झालेला असतो. शाळा प्रकल्पासाठी पीपीटीएक्सच मागते. नोकरी देणारा बायोडेटा डॉक्सएक्समध्येच हवा म्हणतो. एखादे कार्यालय भरायचा फॉर्म वर्ड फाइलमध्ये पाठवते, तोही असा बांधलेला की चौकटी फक्त वर्डमध्ये नीट दिसाव्यात. यांतले कोणी उघडपणे ‘अमुक कंपनीचे सॉफ्टवेअर विकत घ्या’ असे म्हणत नाही. परिणाम मात्र तोच होतो. नागरिकाने अर्ज करण्यासाठी, मुलाने गृहपाठ देण्यासाठी एका खासगी कंपनीचे ग्राहक व्हावे, ही अट कोणी कुठे मंजूर केली? ती नकळत लागू झाली आहे आणि म्हणूनच तिला विरोध करणे अवघड झाले आहे.

हे बदलता येते. ब्रिटिश सरकारने जुलै २०१४ मध्ये ठरवले की सरकारी खात्यांनी नुसते वाचायचे दस्तऐवज पीडीएफ किंवा वेबपान म्हणून द्यावेत आणि ज्यांत बदल करायचे आहेत ते ओपनडॉक्युमेंटमध्ये. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांवर लिब्रऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला. उलट उदाहरणही आहे. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. त्याच्या कारणांवर अजून वाद होतात. मला त्यातून एवढे दिसते की भोवतालची सगळी कार्यालये एकाच कंपनीच्या फायली पाठवत असताना एकट्याने वेगळे राहणे फार कठीण असते. म्हणूनच सार्वजनिक संस्थांनी काय स्वीकारायचे हा धोरणाचा विषय आहे, आवडीनिवडीचा नव्हे. फॉर्म पीडीएफ असावा किंवा वेबपानावर भरता यावा. अर्ज पीडीएफमध्ये घ्यावा. संपादनासाठी फाइल हवीच असेल तर ओडीटीही तितक्याच सहजपणे घ्यावी.

शाळांबद्दल मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते. मुलांना ‘वर्ड’ शिकवले जाते, लिहिलेला मजकूर नीट बांधायला शिकवले जात नाही. शीर्षक ठळक करून आकार वाढवायचा, ही त्यांची मांडणी. मथळ्याला ‘हेडिंग’ ही शैली लावली तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि सगळे मथळे एका जागेवरून बदलता येतात, हे बऱ्याच पदवीधरांनाही माहीत नसते. ही शैलीची समज वर्डमध्ये, लिब्रऑफिसमध्ये, गूगल डॉक्समध्ये सारखीच उपयोगी पडते. बटण कुठे आहे हे पाठ केलेले मूल मात्र मेनू बदलला की अडते, आणि ऑफिस २००७ ने जुने मेनू काढून रिबन ही बटणांची पट्टी आणली तेव्हा मोठी माणसेही अशीच अडली होती. कंपन्या शाळांना सॉफ्टवेअर फुकट किंवा नाममात्र दरात देतात. त्या सवलतीचा हिशेब शाळा सुटल्यावर, त्या मुलांच्या घरी, पुढची अनेक वर्षे चालू राहतो. दोन वेगवेगळे संच मुलांच्या हाती दिले तर ती सवय जडणार नाही.

प्रकार निवडण्याची चूक मोठ्या संस्थांनाही महागात पडते. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या आरोग्य यंत्रणेच्या अहवालांतून कोरोनाचे जवळपास १६,००० रुग्ण निसटले. तपासण्यांचे निकाल जुन्या एक्सएलएस प्रकारात भरले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नाही. नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. घरातल्या हिशेबाला इतक्या ओळी कधी लागणार नाहीत, पण ‘उघडते ना, मग चालू द्या’ ही वृत्ती तीच आहे.

तर घरच्या संगणकावर मी लिब्रऑफिस बसवायला सांगेन, सोबत कार्लिटो आणि कॅलाडिया फॉन्ट आहेत ना हे पाहायला सांगेन. स्वतःसाठी लिहिलेले ओडीटी आणि ओडीएसमध्ये ठेवावे. दुसऱ्याला दुरुस्तीसाठी पाठवायचे ते डॉक्सएक्समध्ये. सेव्ह करताना ‘हाच प्रकार ठेवायचा का’ असे लिब्रऑफिस विचारते, तेव्हा न घाबरता काय हवे ते निवडावे. ज्यात आता बदल होणार नाही, म्हणजे पाठवून झालेला अर्ज, सही झालेला करार, पूर्ण झालेल्या आठवणी, त्याची एक पीडीएफ प्रतही काढावी. त्यासाठी निर्यातीच्या खिडकीत पीडीएफ/ए हा पर्याय आहे. तो जपणुकीसाठीच बनवलेला आहे आणि वापरलेले फॉन्ट त्या फाइलच्या आतच साठवले जातात. ज्यांच्याकडे वर्गणी आहे त्यांनी ती खुशाल ठेवावी, फक्त फायली संगणकावरही असू द्याव्यात. आणि गूगल डॉक्समध्ये जे मोलाचे आहे ते गूगलच्याच टेकआउट या सोयीने अधूनमधून उतरवून घ्यावे.

सुरुवात करायची तर संगणकातली, जुन्या पेन ड्राइव्हवरची, कपाटातल्या सीडीवरची सर्वांत जुनी फाइल शोधा आणि उघडून पाहा. डॉक असेल, डब्ल्यूपीएस असेल, जुन्या फॉन्टातली मराठी असेल. आजच्या संगणकावर ती अजून उघडत असेल तर आजच तिची ओडीटी आणि पीडीएफ प्रत काढा, मराठी मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये आणा. पुढच्या संगणकावर ती उघडेलच असे नाही.